उभ्या गाडीची बॅटरी

धारूरच्या बसस्टँडावरून केजच्या रस्त्याला लागलं, की डाव्या हाताला एक पत्र्याचं शेड दिसतं. त्यावर पाटी नाही. पाटी कशाला हवी? घाट चढून आलेल्या ट्रकवाल्याचा लाइट गेला, तरी तो विचारत विचारत बरोबर सत्तारभाईपाशीच येऊन थांबतो. दिंद्रुडला मामाच्या हाताखाली ट्रॅक्टरचे डायनामो भरायला शिकलेला हा माणूस बत्तीस वर्षांपूर्वी इथं येऊन बसला, तो बसलाच. जीपा गेल्या, नव्या गाड्या आल्या, गाडीत कॉम्प्युटर आले, पण सत्तारभाईचा लाकडी स्टूल काही हलला नाही. सेल्फ मारल्याचा नुसता आवाज ऐकून तो सांगायचा की दोष बॅटरीत आहे, सेल्फमध्ये आहे का टर्मिनल ढिलं आहे. बहुतेक वेळा ते खरं निघायचं. आता बहुतेक वेळा खरं निघणाऱ्या माणसाचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याला वाटायला लागतं, आपलं नेहमीच खरं.

दुसरी एक गोष्ट होती. तालुक्यात कुणाला ड्रायव्हर हवा असला, की तो सत्तारभाईला विचारायचा. कारण साधं आहे. ड्रायव्हर मालकापुढं कसा वागतो हे मालकाला दिसतं, गाडीशी कसा वागतो हे गॅरेजवाल्याला दिसतं. सत्तारभाई म्हणाला "चांगला हाय", की दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या हातात चावी. सत्तारभाईनं नुसतं तोंड वाकडं केलं, की झालं त्याचं कल्याण. या मानाची त्याला गोडी होती, खोटं कशाला बोला.

बजरंगला सुंदररावांच्या गाडीवर त्यानंच लावून दिलं होतं. बजरंग घाटाखालच्या वस्तीवरचा. आईबापाची हयात ऊसतोडीत गेली, हा फडावरच्या कोपीतच, पाचटाच्या झोपडीत, जन्मला आणि मोळ्या वाहून वाहून चौथीत शाळेबाहेर पडला. पुढं कुणाच्या तरी टेम्पोवर गाडी शिकला, परवाना काढला आणि बायकोला, वनमालाला, लग्नातच सांगितलं की कोयत्याला आता आपला हात लागणार न्हाई. चौदा वर्षं त्यानं ते पाळलं. त्यातली सहा वर्षं सुंदररावांकडं. गाडी अशी ठेवायचा की सत्तारभाई कौतुकानं म्हणायचा, "बजरंग्या, बायकोला तरी इतकं पुसतो का बे?" बजरंग नुसता हसायचा. पोरगी, सायली, सातवीत होती. ती वर्षभर एकाच शाळेत बसते याचं त्याला केवढं अप्रूप, भेटंल त्याला सांगायचा.

सुंदरराव म्हणजे घाटाखालचे मोठे बागायतदार, राजकारणात असलेले. कधी मुंबईला जातील, कधी चार दिवस घरीच. त्यांची आई छबुबाई ऐंशीच्या घरातली. म्हातारीचं गाडीवर लक्ष, कारण गाडीत तिचा देव होता. कपिलधारच्या जत्रेतून तिनं पितळेची एवढीशी पिंड आणली आणि तिच्याबरोबर विजेचा एक प्लास्टिकचा दिवा. आणि गाडी घेऊन थेट सत्तारभाईकडं.

"सत्तार, माझ्या देवाला बसव. आन हा दिवा गाडी बंद झाली तरी इझला न्हाई पायजे. देवापुढला दिवा हाय, बाबा."

सत्तारभाईला ती मावशीच्या जागी. त्यानं सुताराकडून बोटभर उंचीचा छोटा चौरंग करून घेतला, वर पिंड, पुढं दिवा. दिवा मोबाइलच्या चार्जरवर चालणारा, पाच व्होल्टचा, आणि गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. मधे व्होल्ट कमी करणारी डबी लागते. नवी डबी आणायला बाजारात जावं लागलं असतं. शुक्रवार होता, जुम्म्याच्या नमाजाची वेळ होत आली होती. भंगाराच्या डब्यात एक जुनी डबी पडली होती. त्यानं ती चौरंगाच्या पोटात बसवली, वायर सरळ बॅटरीला जोडली आणि मधे एक पिन ठेवली, म्हणजे म्हातारीला ती काढून चौरंगासकट देव घरात नेता यावा. दिवा लागला. छबुबाईनं पैसे विचारले, तेव्हा हा म्हणाला, "देवाचं काम हाय मावशी, ऱ्हाऊ द्या."

"बॅटरीला काय व्हईल का रं?"

"मुंगीएवढा करंट खातो. बिनघोर ऱ्हावा."

हे झालं उन्हाळ्यात. श्रावण लागला आणि बॅटरी उतरायला लागली. रोज गाडी फिरली तर काही नाही. पण सुंदरराव मुंबईला गेले, गाडी तीन-चार दिवस अंगणात उभी राहिली, की पाचव्या दिवशी चावी फिरवा, नुसतं टक. पहिल्या वेळी सत्तारभाई म्हणाला, बॅटरी जुनी झाली, बदला. बदलली. नवी बॅटरी पंधरा दिवसांत तशीच उतरली. मग त्यानं चार्जिंग बघितलं. गाडी चालू ठेवून मीटर लावला, अल्टरनेटर सव्वाचौदा व्होल्ट दाखवत होता. अगदी ठणठणीत.

राहिला चोरकरंट. गाडी बंद असताना एखादी वायर, एखादा दिवा गुपचूप बॅटरी पीत असेल तर त्याला पकडायची त्याची जुनी रीत होती. बॅटरीची एक तार सोडायची आणि तार आणि टर्मिनलच्या मधे टेस्टिंगचा बल्ब लावायचा. सगळं बंद असलं तर बल्ब मेलेला राहतो. कुठं करंट पळत असला तर बल्ब पेटतो. दोन वेळा गाडी आली, दोन्ही वेळा त्यानं बल्ब लावला, अर्धा अर्धा तास थांबून बघितलं. बल्ब पेटला नाही.

दुसऱ्या वेळी बजरंग स्टुलाशेजारी उकिडवा बसला होता. म्हणाला, "भाई, हिथं आली की गाडी लई शानी हुती. तुमी एकदा घरी येऊन बघा की. जिथं उभी ऱ्हाती तिथं."

"कावून? डाक्टर घरी आला म्हंजे पेशंटचा रोग बदलतो का बे?"

बसलेले चार लोक हसले. बजरंगही हसला. सत्तारभाईला स्वतःचं वाक्य फार आवडलं. नंतर दोन गिऱ्हाइकांना त्यानं ते पुन्हा ऐकवलं.

मग भाद्रपदात ते झालं. छबुबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आंबेजोगाईला ठरलं होतं, सकाळची वेळ मिळाली होती. म्हातारी उपाशीपोटी पदर खोचून गाडीत बसली आणि गाडी चालूच होईना. दुसरी गाडी मिळेपर्यंत वेळ गेली, ऑपरेशन महिनाभर पुढं गेलं. सुंदरराव पिसाळले. ट्रॅक्टरनं ओढत गाडी गॅरेजला आणली आणि भर बाजारच्या दिवशी, दहा माणसांत त्यांनी विचारलं, "सत्तार, काय ते एकदाचं सांग. गाडीत दोष हाय का न्हाई?"

सत्तारभाईनं चार्ज केलेली बॅटरी जोडून पुन्हा बल्ब लावला. पेटला नाही. आता इथं एखादा म्हणाला असता की मला सापडत नाही. तीन शब्दांचं काम. पण बत्तीस वर्षांत ते शब्द त्याच्या तोंडाला सवयीचे नव्हते, आणि दहा माणसं बघत होती.

"गाडीत दोष न्हाई, अण्णा," तो म्हणाला. "माणूस बघा."

"म्हंजे?"

"काच वर करून गाणी ऐकत बसला असंल. न्हाईतर लाइट ऱ्हात असंल चालू. गाडी काय आपल्या आपण बॅटरी खात न्हाई."

बजरंग तिथंच उभा होता. त्यानं सत्तारभाईकडं बघितलं. सुंदररावांनी हात पुढं केला, बजरंगनं चावी त्यावर ठेवली आणि तो बसस्टँडाकडं चालत गेला. सहा वर्षांची नोकरी एवढ्यात संपली. सत्तारभाईला तेव्हा वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खोटं बोललो असं वाटलं नाही.

पुढं पंधरा दिवसांत दोघा-तिघांनी त्याला विचारलं, बजरंग मोकळा आहे म्हणे, ठेवू का. सत्तारभाईनं तोंड वाकडं केलं.

दसऱ्याच्या आधी सुंदररावांचा फोन आला. गाडी आता ते स्वतःच चालवत होते. "सत्तार, चार दिवस बाहेर गेलतो. आत्ता बघतोय तर बॅटरी पुन्यांदा उतरली. आता तर ड्रायव्हरबी न्हाई." सत्तारभाईनं पिशवीत मीटर, बल्ब घेतला, एक चार्ज केलेली बॅटरी मोटारसायकलला बांधली आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तो गाडी जिथं उभी असते तिथं गेला.

अंगणात निंबाखाली गाडी उभी होती. ओसरीत छबुबाई शेंगा फोडत बसली होती. त्यानं बॅटरी बदलली, तार सोडली, बल्ब लावला, आणि बल्ब पेटला.

त्याला आधी बरंच वाटलं. चला, सापडला चोर. तो एकेक फ्यूज काढत गेला. लाइटचा काढला, हॉर्नचा काढला, टेपचा काढला, बल्ब पेटलेलाच. सगळे फ्यूज काढून बोनटवर ठेवले तरी बल्ब पेटलेलाच. म्हणजे कुणी तरी फ्यूज चुकवून वायर सरळ बॅटरीवरून घेतली होती. असं अडाण्यासारखं काम कुणी केलं असेल, असं तो पुटपुटलासुद्धा. आणि मग काचेतून त्याला डॅशबोर्डवरची पिंड दिसली, आणि पुढं जळणारा दिवा.

त्यानं दार उघडलं, पिन ओढली. बल्ब विझला. पिन लावली, पेटला. त्यानं चौरंगाखाली हात घातला. सकाळची वेळ, गाडीतलं सगळं गार होतं, आणि चौरंगाचं पोट नुकत्या उतरवलेल्या भाकरीसारखं ऊन लागत होतं. दिवा बिचारा मुंगीएवढाच खात होता. ती भंगारातली डबी आतून जळालेली होती आणि रात्रंदिवस बॅटरी पीत होती.

"मावशी," त्यानं ओसरीकडं बघून विचारलं, "गाडी माझ्याकडं येती तवा देव कुठं असतो?"

"घरात. देव काय गॅरेजात न्यायचा असतो व्हय? तिथं समदे पायताणासकट आत बसत्यात. गाडी दुरुस्तीला निघाली की मी आधी देव उचलून आणते." आणि मग हसून म्हणाली, "तूच तर पिन ठिवलीस की त्याच्यासाठी."

सत्तारभाई गाडीच्या पायरीवरच बसला. तीन वेळा गाडी आली होती, तीन वेळा दोष घरात देवघरात ठेवून आली होती. जिथं उभी राहते तिथं येऊन बघा, असं बजरंग म्हणाला होता, आणि त्यावर त्यानं विनोद केला होता.

सुंदरराव आतून चहा घेऊन आले. "सापडलं?"

आता माणसाचा परीक्षेचा क्षण काही ढोल वाजवत येत नाही. हातात चहाचा कप असतो आणि समोरचा सहज विचारत असतो.

"वायर सोलली हुती डॅशबोर्डखाली," सत्तारभाई म्हणाला. "उंदरानं कुरतडली असंल."

"मग बजरंग्याचा काई दोष न्हवता म्हन की."

चहा गरम होता. त्यानं एक घोट घेतला. "दोन्ही असंल, अण्णा," तो म्हणाला.

त्यानं डबी काढून खिशात घातली, गावात जाऊन नवी आणली, फ्यूजमधून वायर घेतली, सगळं रीतसर केलं. त्या दिवसापासून सुंदररावांची बॅटरी उतरली नाही. सत्तारभाईचं मात्र काही धड राहिलं नाही.

दोन्ही असंल. हे दोन शब्द त्याला घास घेताना आठवायचे, नमाजाला उभं राहिल्यावर आठवायचे. पहिली चूक चूकच होती, ती कुणाच्याही हातून होते, असं तो स्वतःला सांगायचा. पण दुसरी चूक नव्हती. दुसऱ्या वेळी त्याला सगळं माहीत होतं. तो स्वतःशी वकिली करायचा. देवाच्या दिव्यानं बॅटरी खाल्ली असं आपण म्हणायचं, आपण सत्तार, लोक काय म्हणतील? मग त्याचं त्यालाच कळायचं की हे ढोंग आहे. म्हातारीनं त्याच्याच हातून देव बसवून घेतला होता, तिथं कुणी काही म्हणणार नव्हतं. लोक म्हणणार होते ते एवढंच की सत्तारभाईला काम जमलं नाही. तेच त्याला नको होतं.

चौथ्या दिवशी तानाजी आला. त्याची भाजीची पिकअप होती, आंबेजोगाई-बीड फिरायची. "भाई, ड्रायव्हर सोडून गेला. उद्याच्याला माणूस पायजे. हाय का कुणी?"

सत्तारभाईच्या तोंडात नाव आलं. खरंच आलं. पण हाच तानाजी महिन्यापूर्वी बजरंगबद्दल विचारून गेला होता आणि यानंच नको म्हणून सांगितलं होतं. आज हो म्हटलं तर तो विचारणार, मग तवा कावून नको म्हणलात?

"बघतो," सत्तारभाई म्हणाला.

तानाजीनं दोन दिवसांत दुसरा माणूस ठेवला.

दसरा होऊन गेला. ऊसतोडीच्या टोळ्यांच्या गाड्या भरायला लागल्या. ट्रकवाले लाइट बघून घ्यायला गॅरेजला यायचे, आणि त्यांच्याच बोलण्यातून त्याला कळलं की घाटाखालच्या टोळीत यंदा एक ड्रायव्हर आहे. टोळीतले लोक त्याला म्हणे गाणंवाला म्हणतात. मालकाच्या गाडीत गाणी ऐकत पडायचा, म्हणून हाकलला.

त्या संध्याकाळी सत्तारभाई जेवला नाही. बायको, अजमतबी, दहा दिवस बघतच होती. तिनं ताट सरकवून ठेवलं आणि समोर बसली. त्यानं सगळं सांगितलं, डबीपासून तानाजीपर्यंत. शेवटी तो म्हणाला, "रोज माफी मागतोय अल्लाकडं."

"अल्लाका गुन्हा अल्ला माफ करता," अजमतबी म्हणाली. "बंदे का बंदेकोच करना पडता. उसके पास कब जाते?"

दुसऱ्या दिवशी तो घाट उतरून वस्तीवर गेला. बजरंगच्या दारात पत्र्याची पेटी, अंथरुणाचं बोचकं, ज्वारीचं पोतं, सगळं बांधून ठेवलेलं. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती, कराडकडं. भिंतीला टेकून दोन नवे कोयते होते, अजून कागदात गुंडाळलेले. वनमाला चुलीपाशी वाटेचं पिठलं-भाकरी बघत होती. सायली दप्तर मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली होती. ती पण जाणार होती, कारण आजी गेल्या वर्षी वारली आणि पोरीला एकटी ठेवायची कुणाकडं?

"या भाई, या," बजरंग म्हणाला आणि त्यानं बोचक्यावरची घोंगडी ओढून बसायला टाकली.

सत्तारभाई बसला नाही. उभ्यानंच त्यानं सांगितलं. दिवा, डबी, पिन, छबुबाई देव उचलायची ते. "दोष माझा हुता, बजरंग. माझ्याच हातचं काम. तुझा काईबी संबंध न्हवता."

बजरंग ऐकत राहिला. आणि मग त्याचं तोंड असं उजळलं की सत्तारभाईला खाली बघावं लागलं.

"म्हंजे मी न्हवतो," बजरंग म्हणाला. "भाई, खरं सांगू? मलाच वाटाया लागलतं. तुमी म्हणलात म्हंजे काईतरी असंलच. शेवटी शेवटी मी झोपेतून उठून गाडी बघून यायचो, लाइट तर ऱ्हायला न्हाई. घरीबी सांगून टाकलं, माझ्याच हातून ऱ्हात असंल म्हणून." त्यानं खरोखर सत्तारभाईचा हात धरला. "लई बरं केलंत सांगितलं. निघायच्या आत सांगितलं."

यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर सत्तारभाई त्या घेऊन सुखानं घरी गेला असता.

"थांब की मग आता," तो म्हणाला. "मी अण्णाशी बोलतो."

"आता कसं थांबू? टोळीच्या मुकादमाला परवा होकार दिला. आगाऊ उचल घेतली, ती घरात लागलीबी. आधी आठ-दहा दिवस टाळत हुतो, म्हणलं कुणाची तर गाडी मिळंल." बजरंगनं सहज विचारलं, "तुमाला कवा उमगलं, भाई?"

"काल," सत्तारभाई म्हणाला. "कालच गेलतो."

ते त्याच्या तोंडून असं पटकन निघालं की त्याला स्वतःलाच नवल वाटलं. वनमालानं तव्यावरची भाकरी उलटली आणि मान वर करून पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं.

"हे हितं आमाला सांगून काय फायदा?" ती म्हणाली. "ह्यांचं नाव तुमी दहा माणसांत घालवलं. जिथं घालवलं तिथं जाऊन बोला."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. अकरा वाजता शेडखाली नेहमीची माणसं जमली. तानाजी पिकअपचा हॉर्न बघून घ्यायला आला होता. सुंदरराव शेजारच्या हॉटेलात चहा प्यायला बसले होते. सत्तारभाईनं त्यांना बोलावून आणलं, स्टूल त्यांना दिला आणि खिशातून ती जळकी डबी काढून पिकअपच्या बोनटवर ठेवली.

"अण्णा, तुमच्या बॅटरीचा दोष हा हुता. भंगारातली डबी हाय, मी बसवली. उंदीर-बिंदीर काई न्हवता. बजरंगनं गाणी ऐकली न्हाईत, लाइट ठिवला न्हाई. मला दोष सापडला न्हाई म्हणून मी त्याच्यावर ढकललं. ह्याच जागी ढकललं, म्हणून ह्याच जागी सांगतो."

सुंदररावांनी डबी उचलून उलटसुलट करून बघितली. त्यांच्या मनात काय काय आलं असेल, आईचं ऑपरेशन, सहा वर्षांचा माणूस. शेवटी ते एवढंच म्हणाले, "सत्तार, तू सापडत न्हाई म्हणला असतास तर मी काय तुला फासावर चढवणार हुतो का?" मग डबी परत ठेवत, "बोलव त्याला. गाडी त्याचीच हाय."

तानाजीनं बोनटवरून आपली चावी उचलली. "हॉर्न नंतर बघू," म्हणाला आणि गेला.

सत्तारभाईनं फोन लावला. पलीकडं वाऱ्याचा आणि इंजिनचा घरघराट होता. गाडीनं कळंब मागं टाकलं होतं.

"बजरंग, मी बोललो. समद्यांपुढं. अण्णा हितंच बसलेत. तुला परत बोलवत्यात."

"सहा महिने आता कुठं येतो, भाई," बजरंग ओरडून म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मुकादमाचा शब्द हाय. पण बोललात ना? बास." मग तिकडं काहीतरी कुजबुज झाली, आणि फोनवर वनमालाचा आवाज आला.

"कोण कोण हुतं?"

सत्तारभाईनं एकेक नाव घेतलं. सुंदरराव, तानाजी, हॉटेलवाला, पंक्चरवाला, केजचे दोघं ट्रकवाले. ती प्रत्येक नावाला हं म्हणत होती.

"थांबा. स्पीकरवर टाकते. हितं अख्खी टोळी बसली हाय, ह्यांना गाणंवाला म्हणती. आता परत म्हणा."

त्यानं परत म्हटलं. डबी माझी, चूक माझी, बजरंगची काही चूक नव्हती. ट्रकमध्ये कुणीतरी म्हणालं, ऐका रं. कुणी हसलं, पण ते हसणं वेगळं होतं, मोकळं. सत्तारभाईच्या छातीवरचं ओझं जरा हललं. आता फोन ठेवला असता तर चाललं असतं.

"आन एक सांगा," वनमाला म्हणाली. "तुमाला कळलं कवा?"

शेडखाली सगळे त्याच्याकडं बघत होते. सुंदररावांना तारीख माहीत होती. तिकडं ट्रकमध्ये टोळी कान देऊन होती. पण खोटं बोलायचं असतं तर ते अजूनही जमलं असतं, सुंदरराव काही फोन हिसकावून घेणार नव्हते.

"दसऱ्याच्या आधी," सत्तारभाई म्हणाला. "अकरा दिवस झाले. काल म्हणालो ते खोटं हुतं. चौथ्या दिवशी तानाजी ड्रायव्हर मागायला आलता, तवाबी मी तुझं नाव घेतलं न्हाई, बजरंग. तवा तू मुकादमाला हो म्हणला न्हवतास."

मग वनमालाचा आवाज आला, पण ती त्याच्याशी बोलत नव्हती.

"ऐकलं का?" ती नवऱ्याला म्हणाली.

फोन बजरंगच्या हातात गेला, हे त्याच्या श्वासावरून कळलं. सत्तारभाई थांबला. शिवी येईल, रड येईल, काहीही आलं तरी घ्यायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

"ठिवतो, सत्तार," बजरंग म्हणाला. आजवर त्यानं त्याला भाई म्हटल्याशिवाय कधी हाक मारली नव्हती.